तूटफुटीचा डबा

एकदा एक कासार आपल्या गुरूंकडे साक्षीची सही मागायला गेला. गुरू वृद्ध होते, विद्वान होते आणि रागीट होते. यातली तिसरी गोष्ट लोक दबक्या आवाजात सांगत. मला विचाराल तर तीच त्यांची सर्वांत मोठी विद्या होती, कारण ज्या गोष्टींवर रागवायला हवे त्यांवरच ते रागवत. आपण बहुतेक जण नेमके उलट करतो. भाजीवालीवर ओरडतो आणि जिथे ओरडायला हवे तिथे हात जोडून उभे राहतो.

कासाराचा पेठेत बांगड्यांचा लहानसा गाळा होता. धंदा वडिलोपार्जित. संध्याकाळी गाळा बंद केला की तो गुरूंच्या ओसरीवर प्रवचन ऐकायला येई. सात वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. सारे गाव गुरूंना अण्णा म्हणे, तोही म्हणे.

"अण्णा, गाळा गहाण ठेवतोय. ऐंशी रुपयांना. शेटजींनी कागद तयार केलाय. साक्षीला तुमची सही हवी."

"कशासाठी?"

ओसरीवर दुसरे कोणी नव्हते, तरी कासाराने आवाज खाली आणला. "हातांसाठी. अचानक खर्च आलाय."

आता या 'अचानक'ची हकीकत ऐका. कासाराला संधिवात होता. आजचा नव्हे, पाच वर्षांचा. बोटांचे सांधे सुजत, मूठ वळत नसे. तालुक्याच्या वैद्यांनी त्याला पहिल्याच वर्षी स्वच्छ सांगितले होते की हा रोग जाणार नाही, पण रोज औषध घेतले तर ताब्यात राहील. औषधाला महिन्याला चार रुपये पडत. कासाराची कमाई सरासरी तीस रुपये. म्हणजे खर्च जड होता, पण पेलणारा होता.

पण पेलायला आधी तो खर्च आहे असे मान्य करावे लागते. कासार काय करी? चैत्र-वैशाखात हात जरा हलके झाले की औषध बंद करी. "आता बरं वाटतंय, उगाच पैसे कशाला घालवायचे," असे म्हणून ते चार रुपये वाचवल्याचा आनंद मानी. मग दिवाळी उलटे, तुळशीचे लग्न लागे, थंडी पडे आणि ऐन लग्नसराईत, जेव्हा नवऱ्या मुली हिरवा चुडा भरायला रांगेने येत, तेव्हा बोटे आखडत. मग धावपळ. दुप्पट-तिप्पट औषधे, बुडालेला हंगाम, आणि घरातली एखादी वस्तू बाजारात. एका वर्षी पितळेचे हंडे गेले. पुढच्या वर्षी दुभती म्हैस. गेल्या वर्षी बायकोच्या पाटल्या. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच कारणाने, आणि दर वर्षी याच्या तोंडी एकच शब्द, अचानक! मला हे सांगतानासुद्धा संताप येतो. जो पाहुणा पाच वर्षे ठरल्या तिथीला येतो, त्याच्यासाठी चूल पेटवून ठेवायची नाही आणि तो दारात दिसला की दर वेळी कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावे?

"ऐंशी रुपयांचं औषध कोणतं?" अण्णांनी विचारले.

"शेटजींकडे एक तेल मिळतं. एकवीस दिवसांत रोग मुळापासून जातो म्हणतात. गेल्या थंडीत एकच बाटली घेतली, ती अपुरी पडली म्हणे. पंचावन्न रुपयांना पूर्ण मात्रा. उरलेले घरखर्चाला."

"म्हणजे तेलही शेटचं आणि कर्जही शेटचं."

"हो. त्यामुळे कुठे हिंडावं लागत नाही."

अण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, ती कासाराला दिसली नाही. "आणि फेडलं नाही तर?"

"अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत आहे. नाहीतर गाळा त्यांचा." मग जरा थांबून तो म्हणाला, "देहाचं काय घेऊन बसलात अण्णा, देह नश्वरच. तुम्हीच सांगता ना. मी कधी त्याचे फार लाड केले नाहीत."

हे वाक्य अण्णांना लागले. रोग किती वर्षांचा, औषध कधी कधी सोडले, घरातले काय काय विकले, हे त्यांनी एकेक करून विचारून घेतले. शेवटी म्हणाले, "उद्या दुपारी गाळ्यावर येतो. शेटला कागद घेऊन बोलाव. आणि तुझ्या बायकोलाही."

"तिला कशाला, अण्णा?"

"संसार गहाण पडतोय तो एकट्या तुझा आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. शेट गादीवर बसला होता, कागद मांडीवर, दौत-लेखणी शेजारी. कासाराची बायको मागे, बांगड्यांच्या पेट्यांपाशी उभी होती. तिचे वडीलही कासारच. माहेरच्या गाळ्यावर तिने लहानपणापासून बांगड्या भरल्या होत्या. पण लग्नानंतर नवऱ्याने तिला गाळ्यावर एकदाही बसू दिले नव्हते. बाई गाळ्यावर बसली तर पेठ म्हणेल की कासार निकामी झाला, अशी त्याची भीती. त्या भीतीपायी तिच्या पाटल्या विकणे त्याला चालले, पण तिचे हात चालले नाहीत.

शेटने कागद पुढे केला. अण्णांनी तो पाहिलाही नाही. ते कासारासमोर मांडी घालून बसले, आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बांगड्या भर."

कासाराला वाटले आपण चुकीचे ऐकले. "कोणाला?"

"मला. हिरव्या. डझनभर."

शेट मोठ्याने हसला. समोरचा अत्तरवाला दुकान सोडून बघायला आला. कासार ओशाळला. "अण्णा, लोक बघताहेत. थट्टा करू नका."

"मी तुझी थट्टा करायला एवढं ऊन अंगावर घेऊन आलोय का? भर म्हणतो ना!"

गुरूंची आज्ञा. कासाराने बांगडी उचलली. म्हाताऱ्या माणसाचा हात, हाडे रुंद, कातडी सैल. तो हात मऊ करायला कासाराच्या बोटांत जोर हवा, आणि त्याची बोटे तर काकडीएवढी सुजलेली. त्याने अंगठा दाबायचा प्रयत्न केला. बांगडी सांध्यावर अडकली आणि तुटली.

"दुसरी."

दुसरीही गेली. तिसरीच्या काचेने अण्णांच्या मनगटाला ओरखडा पडला, रक्त आले. बायको पुढे सरली, तिला अण्णांनी डोळ्यांनीच थांबवले. "आणखी भर." चौथी, पाचवी, सहावी. कासाराच्या डोळ्यांत वेदनेने पाणी उभे राहिले. गाळ्यातली हिरवी काच कागदावर सांडत होती आणि शेट ती फुंकरीने उडवत होता.

"कासारबुवा," शेट म्हणाला, "गुरुजींना चुडा शोभत नाही हे काकणांनाही कळतंय."

अण्णांनी त्याच्याकडे मान वळवली. "गेल्या थंडीत तुझी एक बाटली यानं संपवली ना? तेव्हाही एकवीस दिवसच सांगितले होतेस. त्या तेलात काही असतं तर आज माझ्या हातावर रक्त नसतं. आता गप्प बस, नाहीतर दुसरा हात तुला भरायला लावीन."

अत्तरवाला खो खो हसला. शेट हसला नाही.

बारावी बांगडी गेल्यावर अण्णांनी हात मागे घेतला आणि कनवटीचा रुपया काढून पुढे ठेवला. "घे. डझनभर फोडल्या मी तुझ्या."

कासाराने तो रुपया परत सरकवला. "नाही अण्णा. भरताना वाढली ती कासाराची. गिऱ्हाइकाकडून तिचे पैसे घेत नाहीत."

"अरे, असं केलंस तर बुडशील!"

"छे!" बोटे चोळत का होईना, कासार हसला. धंद्याची गोष्ट निघाली की त्याचा आवाज मोकळा होई. "काच आहे ती, जायचीच. शंभरात आठ-दहा जातात. त्याला कोण रडतो? आमच्यात तूटफूट आधीच धरलेली असते." त्याने गादीखालून एक पत्र्याचा डबा काढला. "दर डझनामागे एक पैसा यात पडतो. नफा मोजायच्या आधी. वडिलांनी सांगितलंय, हा पैसा आपला नव्हेच असं समजायचं. बांगड्या खपल्या नाहीत तरी चालेल, पण या डब्याला हात लावायचा नाही. म्हणून तर आमच्या गाळ्याला तूटफुटीनं कधी कर्ज झालं नाही."

तो हे अभिमानाने सांगत होता. अण्णा ऐकत होते. आणि मग त्यांचा जो आवाज चढला तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"काचेची तूटफूट धरतोस! पै-पैशाच्या काचेची! आणि ज्या बोटांनी ती काच भरतोस, त्या बोटांची नाही धरलीस? कुठे आहे तो डबा? दाखव! तोंडानं तू बांगडीला फुटली म्हणत नाहीस, वाढली म्हणतोस, अशुभ नको म्हणून. पण हिशेबात तर ती फुटलेलीच धरतोस ना? मग आपल्या रोगाचं नाव तोंडानं घेत नाहीस ते नाहीस, हिशेबातही का घेत नाहीस? चोपडीत काय लिहितोस रे औषधाचं?"

उत्तर बायकोने दिले. "किरकोळ. दर साली नवी वही पुजतात. पूजेच्या वहीत रोगाचं नाव नको म्हणून किरकोळ लिहितात. माझ्या पाटल्याही किरकोळातच गेल्या, अण्णा."

हे ती शांतपणे म्हणाली. पण पाच वर्षे गिळलेला राग असा शांत बाहेर पडतो तेव्हा ऐकणाऱ्याला पळायला जागा राहत नाही.

आणि त्या वेळी, ज्याने आयुष्यात गुरूंना उलट उत्तर दिले नव्हते, तो कासार भडकला. "मग मी काय करू? मी मागून आणला का हा रोग? हा समोर अत्तरवाला, याची बोटं धडधाकट आहेत. चार रुपये महिना याचे वाचतात, त्यात यानं घर बांधलं. मी काय पाप केलं म्हणून माझ्या कमाईतून दर महिन्याला हा दंड? हयातभर? एकदाच काय ते द्यावं आणि मोकळं व्हावं, असं मला वाटलं तर माझं चुकलं का? तुम्हाला सांगायला सोपं आहे, अण्णा. तुमचे हात बघा!"

अण्णांनी आपले हात पाहिले. रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला होता.

"तुझं पाप नाही," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता. "हा अन्याय आहे. साफ अन्याय. त्याचा राग तुला यायलाच हवा, मलाही येतो. पण पाच वर्षं तू तो राग कोणावर काढलास? हंड्यांवर, म्हशीवर, बायकोच्या पाटल्यांवर. आता गाळ्यावर काढतोयस. रोगाला तर एक ओरखडाही उठला नाही. आणि अन्याय माझ्याकडूनही झालाय. सात वर्षं मी तुला देह नश्वर आहे, देह नश्वर आहे, असं ऐकवत बसलो. तू उपरण्याखाली हात झाकून समोर बसायचास. बाबा रे, तुझे हात का झाकलेले आहेत, एवढं मी एकदाही विचारलं नाही. असला कसला मी गुरू!"

अण्णांनीच पुढे सांगितले, भराभरा, दुकानदाराने दुकानदाराला सांगावे तसे.

"नीट ऐक. एकदाच देऊन मोकळं व्हायचं, असा हा रोग नाही. एकदाच देऊन मोकळं करतो म्हणणारा जो भेटेल तो तुला लुटायला आलाय, मग तो तेल विकू दे नाहीतर मंत्र. हा भाड्यासारखा खर्च आहे. महिन्याच्या महिन्याला, आधी. हात चालतात त्या महिन्यात दुप्पट टाकायचा, कारण हात चालत नाहीत त्या महिन्यात टाकायला काहीच नसतं. वर्षाचे बारा महिने धरू नकोस. तुझ्या हातांचे दहाच आहेत. दहा महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची, आणि तेवढ्यात जे बसेल तेवढंच घर मांडायचं. आणि बरं वाटतं म्हणून औषध सोडतोस ना, त्याला तू बचत म्हणतोस. पेट्या भरलेल्या दिसतात म्हणून कधी त्या डब्यात पैसा टाकायचा राहिलास का तू?"

"नाही," कासार म्हणाला. तो त्या पत्र्याच्या डब्याकडे पाहत होता. असे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा डबा आहे.

"मग?"

कासाराने गल्ला उघडला. आत साडेचार रुपये होते. "हे मी शेटजींच्या पहिल्या व्याजासाठी बाजूला काढले होते," तो हळू म्हणाला. "म्हणजे वैद्यांचे चार रुपये गल्ल्यात होतेच की."

शेटने घसा खाकरला. "कासारबुवा, सही होणार असेल तर बोला. मला पेढीवर जायचंय. आणि विचार करा, तेल घेतलं नाहीत तर हात बरे कसे होणार?"

कासाराने कागदावरची काच झटकली, घडी घातली आणि कागद शेटच्या हातात दिला.

"बरे होणार नाहीत, शेट," तो म्हणाला. "एवढंच मला पाच वर्षं कळत नव्हतं."

शेट उठला, धोतराचा सोगा झटकत निघून गेला. तो गेल्यावर बायको पेट्यांपासून पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सरका जरा." कासार सरकला. तिने अण्णांचा हात पाण्याने धुतला, पदराने टिपला, मग तळवा दोन्ही हातांत घेऊन अंगठ्याच्या बुडाशी असा काही दाबला की हाडे आपोआप आत वळली. एक हिरवी बांगडी तिने सांध्यावरून अलगद पलीकडे नेली. ती तुटली नाही. अण्णांनी हात हलवून पाहिला आणि ते पहिल्यांदा हसले.

"हिला तू घरी बसवलं होतंस," ते कासाराला म्हणाले. "तुझा मला इतका राग येतोय की आज प्रवचन नाही. संध्याकाळी येऊ नकोस. तालुक्याला जा."

वाचकहो, ज्यांच्या घरात असा जन्माचा सोबती झालेला आजार आहे, त्यांनी आजच आपली वही उघडून पाहावी. साखरेचा असेल, दम्याचा असेल, रक्तदाबाचा असेल. त्याचे नाव तिथे आहे, की तो अजून किरकोळात लपला आहे?

अण्णा पायरी उतरत होते तेवढ्यात एक बाई आपल्या लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन गाळ्याशी आली. कासाराचे हात सवयीने उपरण्याखाली गेले. मग त्याने ते बाहेर काढले, मांडीवर ठेवले, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, मला संधिवात आहे. माझ्यानं आता चुडा भरवत नाही. ही भरेल."

"बरं," ती बाई म्हणाली, आणि मुलीचा हात कासाराच्या बायकोपुढे धरून बसली. "जरा बेतानं हो. पोरीचा हात नाजूक आहे."

पाच वर्षे तो या एका वाक्याला घाबरत होता. त्या बाईने त्याच्या हातांकडे पाहिलेसुद्धा नव्हते.